गुलामांचा व्यापार : स्मरण आणि मानवी हक्क

नोव्हेंबर १७८१ च्या अखेरीस 'झाँग' नावाचे एक इंग्रजी जहाज कॅरिबियन समुद्रातून जमेका बेटाकडे चालले होते. जहाजाचे मालक लिव्हरपूलचे व्यापारी होते आणि जहाजावरील 'माल' म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेली चारशेहून अधिक स्त्री-पुरुष व मुले. दिशेचा अंदाज चुकल्यामुळे जहाज जमेका मागे टाकून पुढे गेले. रोगराईने माणसे मरू लागली. अशा वेळी, पिण्याचे पाणी पुरणार नाही असे कारण पुढे करून, खलाशांनी काही दिवसांच्या अवधीत सुमारे १३० जिवंत माणसे समुद्रात फेकून दिली. जहाज जमेकाच्या बंदराला लागले तेव्हा त्यावर पाणी शिल्लक होते.

ह्या घटनेविषयी १७८३ मध्ये लंडनच्या न्यायालयात खटला उभा राहिला. तो खुनाचा खटला नव्हता, विम्याचा होता. गुलाम रोगाने दगावला तर विमा मिळत नसे. परंतु जहाज वाचविण्यासाठी 'माल' पाण्यात टाकावा लागला तर त्याची भरपाई मिळे. मालकांनी दर माणशी तीस पौंडांची मागणी केली आणि पंचांनी ती मान्य केली. विमा कंपनीच्या अर्जावरून सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनी फेरसुनावणीचा आदेश दिला खरा. पण घोडे पाण्यात फेकावेत तसेच हे प्रकरण पंचांनी मानले होते, हे त्यांनीही नमूद केले. पूर्वी स्वतः गुलाम असलेल्या ओलाउडा इक्वियानो ह्यांनी ही वार्ता ग्रॅनव्हिल शार्प ह्या इंग्रज गृहस्थाच्या कानी घातली. शार्प ह्यांनी खलाशांवर खुनाचा आरोप ठेवला जावा म्हणून पुष्कळ खटपट केली. कोणालाही शिक्षा झाली नाही.

झाँगची हकीकत प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, गुलामगिरीचे मर्म तीत स्पष्ट दिसते. क्रौर्य हा गुलामगिरीचा परिणाम होय. तिचे मूळ माणसाला वस्तू मानणाऱ्या कायद्यात आणि हिशेबात आहे. गुलामांच्या व्यापाराचे स्मरण करावयाचे म्हणजे हे मूळ ओळखावयाचे. आणि मानवी हक्कांची जोपासना करावयाची म्हणजे ते पुन्हा कोठे रुजू नये ह्यासाठी जागे राहावयाचे. ही दोन कामे परस्परांहून वेगळी नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत प्रकरणाचा हेतू आहे.

१. व्यापाराची घडण

पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये आजच्या घाना देशाच्या किनाऱ्यावर एल्मिना येथे किल्ला बांधला. सोन्याच्या व्यापारासाठी उभारलेला हा किल्ला पुढे बंदिवानांचे कोठार बनला. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसे अटलांटिक महासागरापार जाणाऱ्या जहाजांवर चढविली गेली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. उरलेल्यांना जलसमाधी मिळाली. देशोदेशींच्या बंदरांतील कागदपत्रे तपासून, सुमारे ३६ हजार सफरींची नोंद एकत्र करून संशोधकांनी हे आकडे सिद्ध केले आहेत. मात्र किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच लढायांत, पायपिटीत आणि किल्ल्यांच्या तळघरांत किती माणसे मेली, त्याची मोजदाद ह्या आकड्यांत नाही.

सर्वांत अधिक माणसे पोर्तुगाल व ब्राझील ह्यांच्या जहाजांनी नेली. त्याखालोखाल ब्रिटिश जहाजांनी. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास माणसे उतरविण्यात आली. आज ज्याला आपण अमेरिकेची संयुक्त संस्थाने म्हणतो, त्या प्रदेशात थेट आफ्रिकेतून आलेल्यांची संख्या चार लाखांहून कमी होती. गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील कापसाचे मळे येतात. वस्तुतः ह्या व्यापाराचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता तो ऊस. साखरेच्या मळ्यांत आणि उकळत्या कढयांपाशी माणसे इतक्या लवकर झिजून मरत की, मळेवाल्यांना दरसाल नवी माणसे विकत घ्यावी लागत.

ह्या व्यापाराला तीन बाजू होत्या. युरोपातून कापड, लोखंडी सामान, बंदुका व मद्य भरून जहाजे आफ्रिकेला जात. तेथे हा माल देऊन माणसे घेत. माणसे अमेरिकेत विकून साखर, तंबाखू, कॉफी व कापूस घेऊन परतत. आफ्रिकेला जाणाऱ्या कापडात भारतातील हातमागावर विणलेल्या कापडाचा वाटा फार मोठा होता. त्याचप्रमाणे मालदीव बेटांतल्या कवड्या हिंदी महासागरातून युरोपात आणि तेथून पश्चिम आफ्रिकेत जात, कारण त्या भागात कवडी हे चलन होते. 'कवडीमोल' हा शब्द आपण सहज वापरतो. एके काळी जिवंत माणसाचे मोल खरोखरच कवड्यांत मोजून दिले जात होते. आफ्रिकेतील काही राजे आणि व्यापारीही लढाईत धरलेली माणसे विकून धनवान झाले. हे सत्य लपविण्याचे कारण नाही; तसेच त्याचा आधार घेऊन मागणी करणाऱ्यांचा दोष पुसून टाकण्याचेही कारण नाही.

२. विरोध कोणी केला?

गुलामगिरी रद्द झाली ती काही दयाळू युरोपीय पुरुषांच्या प्रयत्नांमुळे, असे फार काळ शिकविले गेले. हे अर्धेच सत्य आहे. बंदिवानांचा विरोध जहाजावरच सुरू होत असे. कित्येक जहाजांवर बंड झाले, कित्येकांनी अन्न वर्ज्य केले, कित्येकांनी समुद्रात उड्या घेतल्या. मळ्यांतून पळून गेलेल्यांनी डोंगरांत व अरण्यांत आपल्या स्वतंत्र वस्त्या वसविल्या.

ह्या विरोधाचे सर्वांत मोठे रूप सां-दोमँग, म्हणजे आजचे हैती, येथे प्रकट झाले. ही फ्रेंच वसाहत त्या काळी जगातील सर्वांत मोठी साखर उत्पादक होती आणि तेथे सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री तेथील गुलामांनी उठाव केला. पुढे तूसँ लूव्हेर्त्यूर हा मुळात गुलाम म्हणून जन्मलेला पुरुष ह्या लढ्याचा नेता झाला. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती पुन्हा लादण्याचा प्रयत्न केला. तूसँला कपटाने पकडून फ्रान्सला नेण्यात आले आणि एप्रिल १८०३ मध्ये तेथील थंड डोंगरी किल्ल्यात त्याचा अंत झाला. परंतु त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच सैन्याचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले.

इंग्लंडमध्ये २२ मे १७८७ रोजी बारा जणांनी एकत्र येऊन गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन केली. त्यांतील नऊ जण क्वेकर पंथाचे होते. समितीचा एक सभासद टॉमस क्लार्कसन ह्याने बंदरोबंदरी हिंडून खलाशांच्या जबान्या गोळा केल्या, बेड्या आणि साखळदंड जमविले. 'ब्रुक्स' नावाच्या जहाजात माणसे कशी खेटून निजविली जातात, ह्याचा आराखडा छापून गावोगाव वाटण्यात आला. कायद्याने ह्या जहाजावर ४५४ माणसांची मर्यादा घातली होती. त्यापूर्वी एका फेरीत त्यावर ६०९ माणसे कोंबण्यात आली होती. हा आराखडा पाहणाऱ्याला व्याख्यानाची गरज उरत नसे. १७८९ मध्ये इक्वियानो ह्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि ज्याला माल म्हटले जात होते तोच आपली कथा आपल्या तोंडाने सांगू लागला. असंख्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर खाणे सोडले. त्यांत पुढाकार स्त्रियांचा होता, जरी त्यांना मताचा अधिकार नव्हता. १७९२ मध्ये पार्लमेंटकडे ५१९ अर्ज आले.

तरीही कायदा व्हावयास वेळ लागला. विल्बरफोर्स ह्यांचा ठराव १७९१ मध्ये ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळला गेला. १८०७ मध्ये तोच विचार १६ विरुद्ध २८३ मतांनी संमत झाला आणि २५ मार्च १८०७ रोजी त्या कायद्याला राजाची संमती मिळाली. ह्या सोळा वर्षांत युक्तिवाद फारसे बदलले नव्हते. लोकमत बदलले होते आणि हैतीचे उदाहरण जगापुढे होते.

३. भरपाई कोणाला मिळाली?

१८०७ चा कायदा व्यापाराविरुद्ध होता. गुलामगिरी त्यानंतरही चालूच राहिली. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. त्यातही 'उमेदवारी'च्या नावाखाली मुक्त झालेल्यांना पूर्वीच्याच मालकाकडे आणखी चार वर्षे राबावे लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला हा कायदा लागू नव्हता. भारतात गुलामगिरीला कायद्याचा आधार नाकारणारा कायदा १८४३ मध्ये झाला.

ह्या मुक्तीसाठी ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. ती मिळाली मालकांना. ज्यांचे आयुष्य फुकट राबवून घेतले गेले, त्या सुमारे आठ लाख माणसांना एक पैही मिळाली नाही. ही रक्कम उभी करण्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ मध्ये झाली. म्हणजे गुलामांच्या मालकांना दिलेल्या पैशाचा भार विसाव्या शतकातील करदात्यांनी, आणि त्यांत गुलामांच्या वंशजांनीही, उचलला. हैतीची कथा ह्याहून दारुण आहे. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून, मान्यतेच्या मोबदल्यात, हैतीकडून १५ कोटी फ्रँकची मागणी केली; पुढे १८३८ मध्ये ती ९ कोटींवर आली. स्वतःच्या स्वातंत्र्याची किंमत जुन्या मालकांना देण्यासाठी ह्या देशाला कर्ज काढावे लागले आणि ते फेडताना त्याच्या शाळा, रस्ते व शेती उपाशी राहिली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६५ मध्ये, क्यूबात १८८६ मध्ये आणि ब्राझीलमध्ये १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी संपली. अनेक ठिकाणी मुक्त झालेल्यांच्या हाती ना जमीन होती, ना अवजारे, ना अक्षरज्ञान. जुन्या अन्यायाची भरपाई कशी व्हावी, हा प्रश्न आजही आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर का येतो, हे ह्यावरून ध्यानात यावे.

४. हिंदी महासागराचा किनारा

गुलामांचा व्यापार केवळ अटलांटिक महासागरापुरता नव्हता. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तान, इराण आणि भारत येथे माणसे विकण्याची प्रथा त्याहूनही जुनी. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहेच. पण एका मलिक अंबरच्या मागे निनावी राहिलेली हजारो माणसे होती. झांजिबार हे ह्या व्यापाराचे मोठे केंद्र. तेथील पेठेत पैसा पुरविणाऱ्यांत कच्छ-गुजरातेकडील व्यापारीही होते. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या शिष्टाईनंतर, १८७३ मध्ये, झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात पकडलेल्या जहाजांवरून सोडविलेली काही आफ्रिकी मुले नाशिकजवळच्या शरणपूर येथे मिशनऱ्यांच्या आश्रयाला ठेवण्यात आली होती. त्यांना तेथे लिहिणे-वाचणे आणि हस्तव्यवसाय शिकविले जात. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात डेव्हिड लिव्हिंग्स्टन मृत्यू पावले, तेव्हा त्यांचे शव शेकडो मैल वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत हा शरणपूरचा विद्यार्थी होता. त्याने त्या प्रवासाची रोजनिशीही लिहिली. पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वसाहत वसली, तेव्हा शरणपूरची अनेक मंडळी तेथे राहावयास गेली.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले ह्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ज्या लोकांनी तेथील आफ्रिकी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला, त्यांना जोतीरावांनी तो अर्पण केला. दूरच्या अन्यायाचे स्मरण हे जवळच्या अन्यायाकडे पाहण्याचे साधन कसे होते, ह्याचे मराठीतील हे आद्य आणि फार मोठे उदाहरण होय.

मॉरिशस बेटावर ह्या दोन्ही इतिहासांची गाठ पडते. तेथील गुलामगिरी संपत असतानाच उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर आणण्याचा प्रयोग सुरू झाला आणि २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून भारतीय मजूर तेथे उतरले. त्यांच्या मागोमाग कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही त्या बेटावर गणेशोत्सव साजरा करतात. मजुरांनी ज्या पायऱ्या चढून बेटावर पाऊल टाकले, तो आप्रवासी घाट आणि पळून गेलेल्या गुलामांनी जेथे आसरा घेतला, तो ल मॉर्न पर्वत, ही दोन्ही स्थळे अनुक्रमे २००६ व २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. करारबद्ध मजूर हा गुलाम नव्हता. त्याच्या कराराला मुदत होती. पण मळा तोच, काम तेच आणि पुष्कळदा मुकादमाचा चाबूकही तोच होता.

५. स्मरणाचे मार्ग

२३ ऑगस्ट हा दिवस युनेस्कोने गुलामांच्या व्यापाराच्या आणि त्याच्या उच्चाटनाच्या स्मरणासाठी निश्चित केला. तो प्रथम १९९८ मध्ये हैती येथे पाळण्यात आला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ मध्ये २५ मार्च हा दिवस ह्या व्यापाराच्या बळींसाठी ठरविला. एक दिवस गुलामांच्या उठावाचा आहे आणि दुसरा कायद्याचा. दोहोंचा एकत्र विचार केला म्हणजे इतिहास पुरा होतो. न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आवारात २०१५ मध्ये एक स्मारक उभारण्यात आले. त्याची रचना हैती वंशाचे वास्तुविशारद रॉडनी लिऑन ह्यांनी केली.

स्थळांचेही स्मरण होत आहे. सेनेगलजवळील गोरे बेट १९७८ मध्ये जागतिक वारशात आले. रिओ दि जानेरो येथील वालोंगो धक्का पुढे भराव घालून बुजविला गेला होता. २०११ मध्ये शहराच्या नूतनीकरणासाठी खणताना त्याचे दगड पुन्हा उघडे पडले. जे शहराने पायाखाली पुरले होते, ते शहरालाच पुन्हा पाहावे लागले.

परंतु स्मरणाचे सर्वांत अवघड काम कागदावरचे आहे. झाँगच्या वहीत संख्या होती, नावे नव्हती. ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या जहाजांवरील माणसांची नोंद मात्र सिएरा लिओन व हवाना येथे नावानिशी झाली होती : नाव, वय, उंची, अंगावरील खुणा. संशोधकांनी ह्या वह्यांतून नव्वद हजारांहून अधिक आफ्रिकी नावे संकलित केली आहेत. लेखनिकाने परभाषेतले नाव जसे ऐकले तसे लिहिले. आज त्या उच्चारांवरून माणूस कोणत्या प्रदेशातला असावा, ह्याचा माग काढता येतो. एक कोटीहून अधिक माणसांच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. तथापि संख्येचे पुन्हा माणसात रूपांतर करण्याचे हे काम न्यायाच्याच जातीचे आहे.

६. हक्काचे शब्द आणि हक्काचा कायदा

१९२६ मध्ये तत्कालीन राष्ट्रसंघाने गुलामगिरीविरुद्ध करार केला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व 'पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता ह्यांच्या आग्रहामुळे तेथे 'सर्व मानव' असा अर्थ देणारी शब्दरचना आली. चौथ्या कलमाने गुलामगिरी आणि गुलामांचा व्यापार सर्व स्वरूपांत निषिद्ध ठरविला. आणि सहावे कलम सांगते की, प्रत्येक मनुष्याला कोठेही कायद्यापुढे व्यक्ती म्हणून मान्यता मिळण्याचा हक्क आहे. हे कलम वाचताना झाँगच्या खटल्याची आठवण व्हावी. त्या न्यायालयात जहाजाचे मालक व्यक्ती होते आणि विमा उतरविणारेही व्यक्ती होते. ज्यांना पाण्यात टाकले, ते मात्र कायद्याच्या लेखी कोणीच नव्हते.

१९५६ च्या पूरक कराराने कर्जापोटी राबविणे, म्हणजेच वेठबिगारी, हीही गुलामगिरीसदृश प्रथा मानली. भारतीय संविधानाचे २३ वे कलम माणसांच्या व्यापाराला आणि वेठीला मनाई करते. वेठबिगार पद्धती रद्द करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर राबविणे ही सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय दिला. भूक हीसुद्धा सक्ती असू शकते, हे त्या निर्णयाचे तत्त्व आहे.

कायदा झाला म्हणजे प्रथा संपली असे होत नाही. मॉरिटानियाने गुलामगिरी १९८१ मध्ये रद्द केली, पण गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरविण्यास २००७ साल उजाडले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व तिच्या सहकारी संस्थांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०२१ मध्ये कोणत्याही एका दिवशी सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसे आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात. आता पायात बेडी क्वचितच दिसते. तिची जागा न फिटणाऱ्या कर्जाने, काढून घेतलेल्या पारपत्राने आणि परक्या मुलखात कोणाकडे दाद मागावी हे न कळण्याने घेतली आहे. वीटभट्टीवरचा मजूर, उचल घेऊन परमुलखात गेलेले कुटुंब, परदेशी घरकामाला गेलेली स्त्री ह्यांपैकी प्रत्येक जण गुलाम असतो असे नव्हे. परंतु प्रत्येकाविषयी एक प्रश्न विचारता येतो : ह्या माणसाला उद्या सकाळी काम सोडून निघून जावेसे वाटले, तर तो जाऊ शकेल काय?

हा प्रश्न विचारण्याची सवय हेच ह्या इतिहासाच्या अभ्यासाचे फळ होय. दोनशे वर्षांपूर्वी साखरेचा खडा चहात टाकताना काही सामान्य माणसांनी तो कोणाच्या हातून आला हे विचारले आणि त्या प्रश्नातून एक चळवळ उभी राहिली. त्यांच्यापाशी अधिकार नव्हता, अनेकांपाशी मतही नव्हते. विचारण्याचे धैर्य तेवढे होते. झाँगवरून ज्यांना समुद्रात लोटले त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. ती नोंदविण्याची आवश्यकता त्या वेळी कोणाला वाटली नाही. आज आपल्या आसपास ज्यांची नावे हजेरीपटावर नाहीत, ज्यांचा उल्लेख केवळ 'माणसे किती लागली' एवढ्याच हिशेबात होतो, त्यांची नावे विचारणे आणि लिहून ठेवणे अजून आपल्या हाती आहे.